डाव्या हाताचा ठेका

हरार, ११ रजब १४१८

प्रिय रमजी,

सलाम. तुला, आणि तू ज्या शहरात राहतोस त्या मदिनेलाही. नबींच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला आम्ही इथून काय दुवा देणार, तूच आमच्यासाठी मागत जा. परीक्षा झाली असेल. खोकला गेला का? थंड हवेच्या यंत्राखाली झोपत जाऊ नकोस, तुझी छाती लहानपणापासून नाजूक.

इकडे ठीक आहे. पाऊस यंदा लांबला. बद्रो दरवाज्याजवळ तटाचे काही दगड निखळले, ते गल्लीतल्या लोकांनीच परत बसवले. लग्नसराई आली म्हणून माझ्या टोपल्यांना मागणी आहे, विणून विणून बोटांची सालं निघालीत. मेथीच्या रश्शाचा वास आला की तुझी आठवण निघते. बाबा बरे आहेत. जेवतात. बोलणं तेवढं कमी झालंय.

तू शव्वालच्या ईदला येऊन गेलास, त्यानंतर मी लिहिलं नाही. रागावले होते म्हणून नव्हे. म्हणजे थोडी रागावले होतेच. न जेवता गेलास. मी तुझं ताट झाकून ठेवलं होतं.

त्या दिवशी बाबा आणि तू आपल्या राखणीतल्या दर्ग्याच्या अंगणात भांडत होतात आणि मी आत संत आय रुमानाच्या कबरीवरची चादर बदलत होते. मला सगळं ऐकू येत होतं.

तू म्हणालास, “बाबा, प्रवास करून जावं अशा मशिदी जगात तीनच. मक्का, मदिना, जेरुसलेम. हरार चौथं पवित्र शहर, हे कुणी ठरवलं? बाजारातल्या कॉफीवाल्यांनी?”

बाबा हसले होते. ते हसले म्हणूनच तू जास्त चिडलास. म्हणाले, “मक्केत नबींच्या माणसांचा छळ होत होता, तेव्हा नबींनी त्यांना कुठे पाठवलं रे? समुद्र ओलांडून आपल्याच हबश भूमीत ना?”

“ते तिकडे उत्तरेला, बाबा. हरारचा काय संबंध?”

“बरं, उत्तरेला. शेजारच्या अंगणात. पण मक्केची बरोबरी करतो असं आम्ही कधी म्हटलं? हे शहर वसवणारे शेख अबादिर स्वतः तिकडूनच आले. नमाजाला आम्ही तोंड तिकडेच करतो. मग ज्याच्याकडे जहाजाचं भाडं नाही, त्यानं कुठे जाऊन रडायचं?”

“रडायला अल्ला आहे. कबर कशाला हवी? आणि ढोल कशाला?”

मला तेव्हा तुम्ही दोघंही बरोबर वाटलात. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तू निघून गेलास. बाबा बराच वेळ अंगण झाडत बसले, अंगण स्वच्छ असूनसुद्धा.

आता पुढचं लिहिते. मन घट्ट करून वाच.

मोहरममध्ये, एका सकाळी, नमाजाआधी वुजूचे हातपाय धुता धुता बाबा पडले. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. मी आरडाओरडा केला, तर पहिला धावत कोण आला माहीत आहे? तुझा दोस्त मुनीर. तोच, जो दर्ग्यासमोरून जाताना मान फिरवतो. बाबांना पाठीवर घेऊन तो अख्खी गल्ली चढला, दवाखान्यापर्यंत. अजूनही शुक्रवारी येतो, बाबांची नखं कापतो, दाढी नीट करतो. दर्ग्यात पाऊल टाकत नाही, घरात मात्र हक्कानं कॉफी मागतो. परवा मी म्हटलं, “मुनीर, तुला पाप नाही लागत?” तर म्हणाला, “नेजातताई, म्हाताऱ्याची नखं कापण्यावर कुणाचाच मतभेद नाही.”

तुला फोन का केला नाही, हे विचारशील. दोनदा टपाल कचेरीपर्यंत गेले. फोन लागला असता तर तू म्हणाला असतास, “बाबांना दे.” मग मी काय देणार होते? मुनीरलाही मीच शपथ घातली होती, म्हणून त्याच्यावर चिडू नकोस. चिडायचं तर माझ्यावर.

डॉक्टर म्हणतात, रक्तदाब फार दिवसांचा होता. भांडणामुळे झालं असं मनातही आणू नकोस. मी आणलेलं नाही. सुरुवातीला आणलं होतं, आता नाही.

बाबा पडल्यावर दर गुरुवारी ढोलावर गायचा जिक्र बंद होईल असं सगळ्यांना वाटलं. पण गुरुवारी माणसं आलीच. खेड्यातून ओरोमो बायका आल्या, पोरं काखेत घेऊन. दार बंद बघून त्या पायरीवरच बसल्या. कुणी उठेना. मग मी किल्ली घेऊन गेले आणि दार उघडलं. लोबान पेटवला, पाणी भरलं. पुढच्या गुरुवारीही उघडलं. तेव्हापासून मीच उघडते. नुसतं उघडत होते हो, गात नव्हते.

हे चुलतभाऊ बेकरीच्या डोळ्यांत खुपलं. दर्ग्याची राखण आपल्या घराण्यात मुलाकडे जाते, मुलगा परदेशी आणि त्याला हे मान्यही नाही, तेव्हा हक्क पुतण्याचा, असा त्याचा हिशोब. तसा तो वाईट नाही, पण त्याला जिक्रातली चार कवनंही धड येत नाहीत. गेल्या आठवड्यात तो आपल्या अफोचाच्या वडीलधाऱ्यांना घेऊन घरी आला. लग्नकार्यात, मौतीत सगळ्यात आधी उभी राहणारी हीच मंडळी, त्यांना मी काय बोलणार? सगळे वरच्या बैठकीवर बसले. मी पडद्यामागे कॉफीच्या सालींचा काढा उकळत होते.

बेकरी म्हणाला, “बाईच्या हाती दर्गा? उद्या अजानही बाईलाच द्यायला सांगा.”

आव जामी, आपल्या अफोचातले सगळ्यात वडील, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते मोठ्यानं बोलतात. म्हणाले, “बेकरी, दर्ग्यात कोण झोपलंय? बाप्या की बाई?”

“ती गोष्ट वेगळी, आव. ती वली.”

“वली होण्याआधी ती काय होती? तट बांधणाऱ्या उपाशी माणसांना लापशी वाढणारी बाई. अमीर नूरनं तट बांधला त्या दुष्काळात स्वतःच्या वाटणीची वाढली आणि मेली, असंच आपण पोरांना सांगतो ना?”

कुणीतरी हसलं. पण बेकरी हटेना. बाबांजवळ सरकून बसला आणि पोराला समजवावं तसा म्हणाला, “काका, बोलू नका. किल्ली मला द्यायची असेल तर नुसती मान हलवा.”

बाबांनी मान हलवली नाही. त्याच्याकडे पाहिलंही नाही. डावा हात चटईवर आपटू लागले. बेकरीला वाटलं, त्यांना झटका आला. तो “पाणी, पाणी!” म्हणून ओरडला. पण रमजी, मी तो ठेका ओळखला. दोन जड, एक हलका, मग थांबायचं. आय रुमानाच्या आगमनाचं कवन, ज्यानं बाबा दर गुरुवारी सुरुवात करायचे. वाचा गेली तरी हात विसरला नव्हता.

मी काही ठरवलं नाही. हातात पळी होती, उकळतं भांडं समोर होतं, आणि मी पडद्यामागून पहिली ओळ उचलली. आवाज थरथरला. दुसऱ्या ओळीला स्थिरावला. तिसऱ्या ओळीला आव जामींनी साथ दिली, आणि मग एकेक करून सगळ्या म्हाताऱ्यांनी. आयुष्यभराची सवय, तोंड आपोआप उघडलं. बेकरीसुद्धा गात होता, शब्द चुकवत. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात चुकत नव्हता.

कवन संपल्यावर आव जामींनी डोळे पुसले आणि म्हणाले, “कॉफी आणा कुणीतरी. विषय संपला.”

बेकरीनं कप खाली ठेवून एवढंच म्हटलं, “रमजीला विचारायला हवं. घरचा मुलगा तो आहे.” आव जामींनाही ते पटलं. म्हणाले, “नेजात, भावाचा शब्द मागव.”

म्हणून हे पत्र लिहायला बसले. तुझी परवानगी मागायची, असं ठरवून. पण आता इथवर आले आणि माझ्या लक्षात येतंय की मला ती मागायची नाही. तू ‘हो’ लिहिलंस तर तुझ्या मनाविरुद्ध लिहिशील, मला तुझ्याकडून खोटं नको. ‘नाही’ लिहिलंस तरी गुरुवारी त्या बायका पायरीवर येऊन बसणारच, आणि मला दार उघडावंच लागणार. तेव्हा तू यावर काहीच लिहू नकोस. तुझं मत तुझ्याजवळ राहू दे. मला त्याचा राग नाही, खरंच नाही. तू तिथे नबींच्या मशिदीत उभा राहतोस तेव्हा मला अभिमानच वाटतो, दर्ग्यात येणाऱ्या बायकांना मी ते सांगतेसुद्धा.

मात्र तू ये. रमजानच्या आधी ये. दर्ग्यात येऊ नकोस, ढोल वाजेल तेव्हा मुनीरकडे जाऊन बस. पण बाबांच्या डाव्या बाजूला बस, त्यांना तिकडूनच कळतं. त्यांना कुराण वाचून दाखव. मी वाचते तेव्हा ते ऐकतात, पण मध्येच दाराकडे बघतात. तुझं नाव त्यांना उच्चारता येत नाही. ‘र’ म्हणतात आणि थांबतात. त्यापुढचं मी म्हणते.

माझ्या नावाखाली हे पहिल्यांदाच लिहिते आहे.

तुझी थोरली बहीण,
नेजात झैदान
आय रुमानाच्या दर्ग्याची राखणदार