फर्डिनंडकाकांच्या गॅलरीतला बॉक्स

होळी, वसई
१७ मार्च २०२५

ती. रू. सिस्टर रिटा आत्यास,
जोआनाचा सा. न. वि. वि.

पाकीट पाहून दचकू नकोस, आई बरी आहे. म्हणजे आहे तशीच आहे. हाताचा कंप वाढलाय, दर तीन तासांनी गोळी द्यावी लागते आणि खुर्चीतून उठवायला माणूस लागतं. ते माणूस मीच. फोनवर हे सगळं ओरडून सांगितलं असतं, पण तुझे कान आणि आमचं नेटवर्क यांची हल्ली एकच तऱ्हा झाली आहे, म्हणून हे पत्र नाशिकला पोस्टाने.

नोकरीचं लिहिते. मी घरातून मुलांना ऑनलाइन गणित शिकवते हे तुला ठाऊक आहे. या महिन्यात माझा तास मध्येच दोनदा तुटला. उन्हाळा सुरू झाला तशी इथे लाइट दिवसाआड जाते. कधी अर्धा तास, शुक्रवारी तर दोन-दोन तास. कंपनीने कळवलंय की तिसऱ्यांदा तुटलं तर घरून काम बंद, रोज ऐरोलीच्या सेंटरला येऊन शिकवायचं. आपल्या होळी गावाहून ऐरोली म्हणजे जाऊन-येऊन सहा तास. मग आईला कुठे ठेवू? नोकरी सोडली तर तिच्या गोळ्या कशा आणू? दिवसभर डोक्यात हेच चालू असतं. पंखा हळू झाला तरी मी राउटरकडे धावते.

म्हणून मी इन्व्हर्टर आणला. लाइट गेली तरी राउटरचे दिवे चालू, पंखा चालू, आणि नेट मात्र बंद. केबलवाल्या एरॉलला बोलावलं. तो म्हणाला, आपल्या आळीला नेट ज्या बॉक्समधून येतं तो फर्डिनंडकाकांच्या गॅलरीत आहे. ज्याच्या घरची लाइट बॉक्सला, त्याला नेट फुकट, असा या धंद्यातला रिवाज. काकांकडे इन्व्हर्टर नाही, त्यामुळे त्यांच्याकडची लाइट गेली की आख्खी आळी आंधळी. मोबाइलच्या नेटवर काम चालवावं म्हटलं तर तेव्हाच सगळं गाव त्यावर तुटून पडतं.

इथवर मी सहन केलं असतं. पण आत्या, लाइट परत आल्यावरही नेट येत नाही. सगळीकडे टीव्ही सुरू होतात आणि आमचं नेट मेलेलं. परवा स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर काका बॉक्सपाशी उभे, आणि प्लग काढलेला, त्यांच्या हातात. विहिरीची मोटार पप्पांनी जाळली की काकांनी, यावरून दोघा भावांत धरलेला अबोला अकरा वर्षं झाली तरी संपला नाही. पप्पांना जाऊन चार वर्षं झाली. आता तो माझ्यावर निघतोय का? तुझं ते ऐकतात. त्यांना दोन ओळी लिही.

आईने तुला येशूची शांती सांगितली आहे. मला तिची जास्त गरज आहे, तेव्हा प्रार्थनेत माझाही नंबर लाव.

तुझी अस्वस्थ भाची,
जोआना

—

नाशिक
२२ मार्च २०२५

चि. जोआना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोहोचले. आमच्या म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरात टपाल आले की सगळ्या व्हरांड्यात जमतात, जणू प्रत्येकीचेच आहे. तुझे पत्र मी एकटीने वाचावे म्हणून बागेत जाऊन बसले.

तू मुलांना अपूर्णांक शिकवतेस हे मला अजून खरे वाटत नाही. भागाकार दिसला की तुझ्या अंगात ताप भरायचा आणि तुझा बाप स्टॅनी तुला शाळेतून उचलून आणायचा. देवाची करणी आणि नारळात पाणी. असो.

आता माझे ऐक. फर्डी मुद्दाम करतो असे लगेच म्हणू नकोस. तो तोंडाने फटकळ आहे, पण लपून वार करणारा नाही. शेजारच्या घरात आजारी वहिनी आहे हे त्याला दिसत नसेल असे तुला वाटते का? त्याला मी आत्ताच लिहिणार नाही. आधी तू एक काम कर. लाइट आल्यापासून तो प्लग परत लावेपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळ लावून बघ. एकदा नाही, चार वेळा बघ आणि मला आकडे कळव. अंदाज नको.

कशाला, ते विचारू नकोस. तुझे पत्र आल्यापासून माझे लक्ष ठिकाणावर नाही. काल रोझरीच्या जपात चौथे रहस्य दोनदा म्हटले आणि सिस्टर सुपिरियरने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले.

तुझ्या आईच्या पायांना तीळतेल लाव. उत्तर लवकर पाठव, पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसणे माझ्या वयाला शोभत नाही.

तुझी आत्या,
सि. रिटा

—

होळी, वसई
२९ मार्च २०२५

ती. रू. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे घे तुझे आकडे. पंधरा मिनिटं, पंधरा, सोळा, पंधरा. सोळा झाली त्या वेळी कोणीतरी फाटकातून हाक मारली म्हणून उशीर झाला असावा. लाइट गेली की पाचव्या मिनिटाला येऊन प्लग काढतात. आली की हातातल्या घड्याळाकडे बघत उभे राहतात. एवढ्या नेमाने तर ते चर्चमध्ये मिस्सालाही उभे राहत नसतील. तू म्हणालीस लगेच ठपका ठेवू नकोस, तर आता मोजूनमापून ठेवते.

आणि जे व्हायचं ते झालं. शुक्रवारी तिसऱ्यांदा तास तुटला. बेचाळीस मुलं पडद्यावर, मी तीन चतुर्थांशातून एक अष्टमांश वजा करतेय आणि सगळे चेहरे जागच्या जागी गोठले. लाइट सात मिनिटांतच परत आली होती, आत्या. सात मिनिटं मी मोबाइलवर कशीतरी ओढून नेली असती. पुढच्या पंधरांनी मला बुडवलं.

साहेबांना फोनवर गयावया केली. शेवटी पंधरा एप्रिलपर्यंतची मुदत मिळाली. तोवर एकही तास तुटला नाही तर घरून काम चालू, नाहीतर सोळा तारखेपासून ऐरोली. दीपगृहाकडच्या एका वृद्धाश्रमात आईसाठी चौकशी केली. तिला सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं, कारण कालपासून ती जेवण अर्धंच खातेय.

एक गंमत लिहायची राहिली, गंमत कसली म्हणा. मी रागाच्या भरात आईला काकांच्या पंधरा मिनिटांचं सांगत होते. तिने मध्येच विचारलं, मोटार चालू केली का? मी म्हटलं, कुठली मोटार, विहिरीवर मोटार नाही आता. तर ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिचं डोकं तरी शाबूत राहील असं मला वाटत होतं.

मी आता काकांच्या दारात जाऊन भांडणार आहे. तुझं पत्र येईपर्यंत थांबते, तेवढाच तुझा मान.

जोआना

—

नाशिक
३ एप्रिल २०२५

चि. जोआना हिस,
अनेक आशीर्वाद.

भांडायला जाऊ नकोस. तुझ्या आईचे डोके शाबूत आहे, आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त.

आमच्या बापाचा एक नियम होता. लाइट आली की पंधरा मिनिटे मोटारीला हात लावायचा नाही. व्होल्टेज आधी पडके येते, मग वर-खाली होते, स्थिर झाले की मगच बटण. तीन मुलांना त्याने हे प्रार्थनेसारखे पाठ करून घेतले होते. विहिरीवर ज्यांची वाडी जगते त्यांच्या घरी मोटार जळणे म्हणजे काय हे तुम्हा नेटवाल्यांना कळायचे नाही. फर्डी तुझ्या बॉक्सला मोटार समजतो आहे. तो जळू नये म्हणून प्लग काढतो आणि पंधरा मिनिटे त्याची राखण करतो. बॉक्सला त्याची गरज नसेल, पण हे त्याला कोणी सांगितले? तू तर बोलत नाहीस.

आता जे लिहिते ते अकरा वर्षांपूर्वीच लिहायला हवे होते. २०१४ च्या मे महिन्यात मी सुट्टीवर घरी आले होते. दुपारी फर्डी बाजारात दुधी घेऊन गेला होता, स्टॅनी चर्चमध्ये मंडपाच्या कामाला. लाइट नुकतीच आली होती. मला झगे धुवायचे होते, टाकीत पाणी नव्हते. मी बटण दाबले. नियम मला पाठ होता, पण संध्याकाळची गाडी होती आणि मला घाई होती. मोटार घुमल्यासारखी झाली आणि जळका वास आला. मी बटण बंद केले आणि कोणाला काही न बोलता गाडी पकडली. वाटले, घरी समजून घेतील, पत्राने सांगेन.

बारा दिवस पाणी नव्हते. फर्डीचा मोगरा आणि दुधी उभे वाळले. तो म्हणाला स्टॅनीने जाळली, स्टॅनी म्हणाला फर्डीने. मला कळले तेव्हा दोघांनी एकमेकांना नको ते बोलून झाले होते, आणि स्टॅनीने वेगळी बोअर मारली होती. मग आज लिहीन, उद्या लिहीन. स्टॅनी गेला तेव्हा फर्डी स्मशानभूमीच्या पलीकडच्या कडेला उभा होता, ते मी पाहिले आणि तरी बोलले नाही. मी दुसऱ्यांच्या मुलांना पापांच्या कबुलीची तयारी करून देणारी सिस्टर. मला माझी लाज वाटते, जोआना.

सोबत फर्डीसाठी बंद पाकीट आहे. त्यात हेच सगळे आहे. पोस्टाने पाठवले असते, पण ते तूच त्याच्या हातात द्यायचे. हा इस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ आहे, तूही थोडे सोस. तुझा राग माझ्यावर काढ, तो योग्य पत्त्यावर येईल.

जमले तर मला टाकू नकोस.

रिटा

—

होळी, वसई
२२ एप्रिल २०२५

प्रिय रिटा हिस,
फर्डिनंडचे इस्टरचे आशीर्वाद.

मी पत्रे लिहीत नाही हे तुला माहीत आहे. जोआना म्हणाली, आत्याला तुम्हीच लिहा, मी एक ओळही लिहिणार नाही. पोर आपल्या बापासारखी आहे.

तुझे पाकीट तिने फाटकात दिले. आत ये म्हटले तर आली नाही. वाचून मी त्या दिवशी वाडीत गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमधून वायरचे वेटोळे काढले, एक टोक गॅलरीतल्या बॉक्सला लावले आणि दुसरे कंपाउंडवरून तिच्या बाजूला टाकले. तुझ्या इन्व्हर्टरला जोड, असे खुणेने सांगितले. तिने जोडले. दोन दिवसांनी तिने वाटीभर सांदण पाठवले, तेव्हा समजलो की झाले.

चौदा तारखेला अकरा वाजता लाइट गेली. पोरगी शिकवत होती, तिचा आवाज माझ्या गॅलरीत येतो, रोजच येतो. पाचव्या मिनिटाला माझा हात सवयीने प्लगकडे गेला. मीच त्याच्यावर चापट मारली आणि खुर्ची टाकून तिथेच बसलो. बॉक्सचे चार दिवे हिरवे होते. ती अपूर्णांक सांगत राहिली, मला काही समजले नाही, पण थांबली नाही. लाइट पाऊण तासाने आली. सोळा तारखेला तिच्या कंपनीने कळवले, घरूनच शिकव. वहिनी पूर्ण जेवते आहे.

तो बॉक्स मी का घेतला ते तिला सांगितले नव्हते, तुला सांगतो. ती घरून काम करू लागली तेव्हा एरॉल म्हणत होता, कोणी लाइट देत नाही, तुमच्या आळीची लाइन काढून टाकतो. मी म्हटले माझ्याकडे लाव. स्टॅनीच्या पोरीसाठी एवढे करता येत होते, बोलणे जमत नव्हते.

आता तुझे. मोटार तू जाळलीस, ते मानले. अबोला तू धरला नव्हतास, तो आम्ही दोघांनी. ती मोटार मी तेराव्या दिवशी नवी वाइंडिंग भरून आणली होती. गोणपाटात बांधून ठेवली आणि वाडीला शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी घेत राहिलो. म्हटले, स्टॅनी आधी विचारील, मग लावू. तोही तिकडे हेच म्हणत असेल.

काल गोणपाट सोडले. बेअरिंग आखडले होते, ग्रीस घालून मोकळे केले आणि मोटार विहिरीवर बसवली. जोआनाने आईला खुर्चीतून वाडीत आणले. नेमकी तेव्हाच लाइट जाऊन परत आली. मी घड्याळ पाहायला लागलो. वहिनीने विचारले, किती थांबायचे. मी म्हटले, पंधरा मिनिटे, नियम आहे. ती म्हणाली, अकरा वर्षे थांबलो तेवढे पुरे झाले. आणि तिने तो थरथरता हात पुढे केला आणि माझ्या देखत बटण दाबले.

मोटार जळली नाही. पाणी आले, आधी गढूळ, मग स्वच्छ.

मे महिन्यात सुट्टी घेऊन ये. झगे इथेच धू.

तुझ्यावरचा लोभ तसाच आहे, अकरा वर्षे नुसता बंद पडला होता.

तुझा भाऊ,
फर्डी