जेद्दाची ब्रँच आणि आप्पांचा दहावा

९ नोव्हेंबर १९८३
खानापूरला उतरलो. बहरीन ते दुबई, दुबई ते मुंबई, मुंबई ते मिरज, तिथून ही गाडी. जांबोटीची बस निघून गेलेली. दुसरी कधी, ते कंट्रोलरलाही ठाऊक नाही. बॅगेवर बसून राहिलो. तार हातात पडली तेव्हा आप्पांना अग्नी देऊन झाला होता. अग्नी नानांनी, म्हणजे चुलत्यांनी दिला. एकुलता मुलगा मी, आणि मी त्या वेळी आमच्या जपानी हॉटेलच्या बहरीन ब्रँचमध्ये नव्या पोरांना तांदूळ धुवायला शिकवत होतो.
रडू आलं नाही. झोप येत होती, नुसती झोप.

१० नोव्हें.
घरी. आई गळ्यात पडली, मग लांब धरून बघत म्हणाली, "वाळलास रं." माणसं येऊन बसतायत. जो तो विचारतो, तिकडे काय करतोस. नाना म्हणाले, "जपान म्हंजे दुबईतच व्हय?" समजावलं. मालक जपानचे, हॉटेल दुबईत, गिऱ्हाईक साऱ्या जगाचं आणि भात शिजवणारा जांबोटीकडचा.
"आणि तांदूळ कुठला?"
तोही बाहेरूनच येतो म्हटलं.
"मग हितं काय कमी हुता?"


१२ नोव्हें.
भात कापायला आलाय. ऐन सुगी आणि घरात कर्ता माणूस नाही. सुतकात मी पण काय करणार? तरी विळा धरला. थोड्या वेळात कंबर धरली. शेजारच्या बांधावर बाया हसल्या. हसू देत.
एक गोष्ट अजून कुणाला सांगितली नाही. निघताना मालक तानाका साहेब म्हणाले, जेद्दाला नवी ब्रँच. अख्खं किचन माझ्या हाती. आजवर हेड कुक जपानीच असायचा. आधी दुबई, मग बहरीन, आता हे. तिकडे इमारती अळंब्यांसारख्या उगवतात आणि प्रत्येकीच्या तळमजल्यावर साहेबांना आपलं एक हॉटेल दिसतं. तेच दिवे, त्याच बशा, आणि भात असा की डोळे मिटून खाल्ला तर कुठल्या गावात बसलोय ते कळू नये. गिऱ्हाइकाचं माहीत नाही, मला खरंच कळेनासं झालंय. बहरीनला उठून दुबईतला जिना शोधत होतो.
थकलोय. पण हेड कुक. हवंय मला ते, खोटं कशाला बोलू. शेवंताला सांगायला हवं. तिच्याशी लग्न झाल्यापासून चार सुट्ट्यांपुरता संसार झाला असेल.

१३ नोव्हें.
दहावा. मलप्रभेच्या काठी.
पिंडांचा भात मी शिजवला. पिंडही मीच केले. हात पाण्यात बुडवला, भात घेतला, पुढचं हातानंच केलं. भान आलं तेव्हा पानावर ओळीनं पिंड मांडलेले. सगळे एका मापाचे, लांबट, कडा गुळगुळीत. गिऱ्हाइकापुढं सुशीचे भाताचे मुटके मांडतो तसेच. वर मासा तेवढा नव्हता. भटजी बघतच राहिले. आक्का पदर तोंडाला लावून म्हणाली, "परशा, आप्पास्नी घालालाईस का तुझ्या सायबाला?" थोरली बहीण, तिला सगळं माफ.
लाज वाटली. पण त्या भाताकडे बघून बरंही वाटलं. आप्पांनी माझ्या हातचं कधी खाल्लं नव्हतं.
कावळा शिवेना. झाडावर बसलेले दिसत होते, खाली येत नव्हते. माणसं बोलू लागली. "बैलं इकणार न्हाय." "म्हातारीला नीट सांभाळू." काही नाही. ऊन चढलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. नाना म्हणाले, "तू बोल की रं. त्येंचा जीव कशात अडकलाय, तुला ठावं हाय."
काय बोलायला हवं ते मला कळत होतं. 
शेवटी नानांनीच आपल्या थोरल्या भावाला हात जोडले. "दादा, परशा आता परत जात न्हाय. शेत बघंल. माझा शबुद."
कावळा उतरला. पहिल्याच पिंडाला चोच मारली.
लोक सुटल्यासारखे आंघोळीला नदीत उतरले. मी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

१५ नोव्हें.
गावानं निकाल लावून टाकला. भेटेल तो म्हणतो, बरं केलंस, राहिलास. शेवंताला जेद्दाचं सांगितलं. "हं," म्हणाली आणि सुपातले तांदूळ पाखडत राहिली. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

१६ नोव्हें.
आज खळ्यावर आई आणि मी दोघंच. आपण होऊन म्हणाली, "नानानं उगंच शबुद दिला."
म्हटलं, का गं?
"आप्पा जांबोटीच्या ष्ट्यांडवर दिसंल त्याला सांगायचे, माझं पोरगं परदेशात हाटेलं उघडतंय. बस चुकंपर्यंत सांगायचे. ते कशाला तुला आडवतील?"
"मग कावळा?"
"ऊन किती झालंतं. भूक लागली आसंल."
रागच आला तिचा. नानांचा शब्द होता तोवर एक बरं होतं. राहिलो तर आप्पांसाठी, गेलो तर नानांचा शब्द मोडून. कुणावर तरी ढकलता येत होतं. आता दोन्ही माझ्याच गळ्यात. आणि आप्पा मला एकदाही म्हणाले नाहीत, की त्यांना माझं कौतुक आहे. मला का नाही सांगितलं? आज रडलो. गंजीच्या आडोशाला, बराच वेळ.

१८ नोव्हें.
बेळगाव. दुबईला ट्रंक कॉल लावायला बसलो. तानाका साहेबांना याच आठवड्यात हो की नाही कळवायचंय, नाहीतर ते टोकियोहून माणूस आणणार. हो म्हणायचं ठरवून बसमध्ये चढलो होतो, खानापूर येईतो नाही ठरलं, बेळगावात उतरताना पुन्हा हो. दिवसभर बाकड्यावर. लाईन लागेना. कारकून म्हणाला, "नाळे बन्नी. उद्या या." खरं सांगायचं तर हायसं वाटलं.
जांबोटीपासून चालत घरी. शेवंता पाण्याचा तांब्या घेऊन दारात.
"काय सांगितलासा त्येंना?"
"लाईनच लागली नाही. उद्या परत जातो."
"उद्या लागली तर काय सांगनार?"
"बघू. आधी लाईन तर लागू दे."
तांब्या माझ्या हातात देत म्हणाली, "मला सांगायला कंची लाईन लागती?"
पाणी प्यायलो. तांब्यातलं संपलं तरी तो तोंडाला लावून तसाच उभा होतो.