बरोबरी झाली की उद्या या

आबा,

काल टीव्हीवर हॉकीची फायनल पाहिली. बरोबरी झाली, तर लगेच एकेक गडी पुढं बोलावून चुटकीसरशी निकाल लावून टाकला. तुम्ही असता तर उठून गोठ्यात गेला असता. हॉकीचं सगळं मोठेपण तुमच्या मते त्या बरोबरीतच होतं. आपल्या पिंपळी गावात कुणी भेटला की तुम्ही सुरू, "कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास. हुतुतूत मेलेला गडी परत उठून येतो, त्याला काय अर्थ हाय? क्रिकेट पाच पाच दिस चालतं आन् निकालच न्हाय. हॉकीच्या फायनलात मातूर बरोबरी झाली की सांगत्यात, उद्या या. मग रातभर दोन्ही गावं जागी." ऐकणारा मान डोलवायचा आणि पुन्हा कुस्तीवर बोलायला लागायचा.

मी तेव्हा सातवीत होते, पुढं मास्तरीण व्हायचं मनात होतं, आणि तुम्ही कऱ्हाटीचं स्थळ काढलं होतं. पाहुण्यांचं कार्ड आलं तेव्हा तुम्ही वांगी तोडत होता. घरात वाचता येणारी मी एकटीच, म्हणून बांधावर उभी राहून वाचून दाखवलं. तुम्ही खूश. "सोमवारी येनार व्हय? मग शनवारची फायनल बगून येतो." आईला निरोप दिलात आणि वांग्यांच्या पाट्या एसटीच्या टपावर टाकून वालचंदनगरला गेलात. शनिवारी बरोबरी झाली. उद्या या म्हणाले, तुम्ही राहिलात.

रविवारी दुपारी पाहुणे दारात. आईचे हात शेणात, मी पदर खोचून वांग्यात. त्यांच्यातले म्हातारे म्हणाले, "घरधनी कुठं हायत?" आई म्हणाली, "हाकी बगाया गेल्यात." "ती काल व्हती न्हवं?" "बरोबरी झाली असंल." म्हाताऱ्यांनी पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला. "ज्या घरात चेंडूला मान आन् पाव्हन्याला न्हाय, तितं सोयरीक नगं." गूळ-शेंगाही न खाता मंडळी निघून गेली.

दिवस मावळताना तुम्ही आलात, जिंकल्याच्या आनंदात, हातात पेढ्यांचा पुडा. पाहुण्यांच्या एक दिवस आधी हजर झालो, असा रुबाब होता. आईनं जे तोंड सोडलं ते ऐकून बैलसुद्धा चारा खायचा थांबला. तुम्ही कार्ड शोधलंत, पण ते चुलीत गेलं होतं. मग मला विचारलंत, "पोरी, तू सोमवारच वाचलंवतंस न्हवं?"

मी म्हणाले, "न्हाय आबा, रविवार."

तुम्ही कानाच्या पाळीला हात लावलात. "हॉकीनं कान खाल्लं माजं," म्हणालात, आणि शपथ घेतलीत. मला वाटलं, चार दिवसांची शपथ. पण पुढं मरेपर्यंत तुम्ही एकही फायनल पाहिली नाहीत. सोयरे हसले, आईनं जन्मभर टोमणे मारले, तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. मी मात्र परीक्षा दिली, मास्तरीण झाले आणि तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या.

कार्डात रविवारच होता, आबा. सोमवार माझा. तुमची हॉकी गेली, याचं मला फार वाईट वाटतं. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, आणि पोचलं तरी वाचून दाखवायला मीच लागणार. आणि खरं सांगते, तेच कार्ड आज आलं, तरी मी सोमवारच वाचेन.