डाव्या बाजूची वेल

आबा,

परवा दुपारी जयसिंगपूरचा एक माणूस तुमची चौकशी करत घरी आला. चाळिशीचा असेल. जुनी हत्यारं जमवतो म्हणाला. आधी परवाना दाखवला आणि मगच मऊ फडक्यातलं रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. घडण विलायती, पण वरची नक्षी इथली. ती कोरली कुणी, याचा शोध तो दोन वर्षं घेत होता. शेवटी गुजरीतल्या एका म्हाताऱ्या सराफाने नक्षीतली वेल ओळखली आणि सांगितलं, "त्यो हात गेला बगा, पर पोरगं हाय त्यांचं. रिटायर मास्तर." पोरगं म्हणजे मी, आबा. पंचाहत्तरी ओलांडलेला.

मी चष्मा पुसला, भिंग घेतलं, उजवी बाजू बघितली, आणि तुमचं दुकान जसंच्या तसं समोर उभं राहिलं. दिवसभर लोकांच्या ताटा-तांब्यांवर नावं घालत तुम्ही वाकलेले असायचा, पण कुणी बागाईतदार बंदूक घेऊन आला की पाठ ताठ व्हायची. लाकडी ठोकळ्यावर राळ तापवून त्यात ते पोलाद पक्कं बसवायचं. मग कोरणी धरलेला उजवा हात जागच्या जागी आणि डावा हात ठोकळा फिरवतोय, सावकाश, जात्यासारखा. ठोकळा वळेल तशी वेल वळते आहे, कुठे जोड नाही, कुठे खाच नाही. शाळेत एका श्वासात म्हणायच्या ओळी असत ना, तसं वाटायचं मला ते. बघता बघता मी कविता मोठ्याने म्हणू लागायचो. "झालं कविराजांचं सुरू," तुम्ही म्हणायचा, पण थांबवलं मात्र कधी नाहीत.

मग त्या माणसाने रिव्हॉल्व्हर उलटं केलं. आबा, ती डावी बाजू माझी आहे. तुम्ही आत्याच्या दिवसकार्याला गडहिंग्लजला गेला होतात. मी बावीस वर्षांचा, बी.ए. होऊन घरी बसलेला. उजवी बाजू तुम्ही पुरी केली होती, डावी कोरी होती आणि गिऱ्हाईक दोन दिवसांवर आलेलं. तुम्हाला खूश करावं म्हणून मी बसलो. कोरताना तोंडात कविता होतीच. तिच्या लयीत मनगट डुलत गेलं, वळत गेलं, आणि ठोकळा फिरवायचा राहूनच गेला. तुम्ही आलात, पाय धुतलेत आणि चुलीच्या उजेडात ते हातात घेतलंत. आई भाकरी थापत होती.

"हात फिरवलास व्हय रं?"

मी ताट पुढ्यात ओढलं.

"काम फिरवायचं असतंय, हात न्हाय. किती येळा सांगितलं? ही वेल हाय का मोडक्या काड्या?"

"आबा, मला वाटलं..."

"वाटलं! पोलाद हाय ते, पाटी न्हवं पुसायला. उद्या घासून काढतो समदं."

"खाऊ द्या की त्याला आदी," आई म्हणाली.

"खा. आन जा, मास्तर हो कुटंतरी. हे तुज्याच्यानं हुयाचं न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात पाय ठेवला नाही. महिन्याभरात मलकापूरच्या शाळेत लागलो. मास्तर झालो की मी. सुट्टीला यायचो, पाया पडायचो, पण ठोकळ्याजवळ पुन्हा बसलो नाही आणि तुम्हीही बस म्हणाला नाहीत. माझी वेल तुम्ही घासून टाकली, हे मी तुम्ही जाईपर्यंत धरून चाललो होतो, आणि त्यानंतरही इतकी वर्षं. वर्गात एखाद्या कवितेत वेल आली की मी पुढच्या कडव्यावर जरा घाईनेच जायचो. पोरांना काय कळणार?

आणि आता ती समोर होती. एकही पान घासलेलं नाही. प्रत्येक वळणावर माझे जोड तसेच, मोडक्या काड्यांसारखे. घासलं तर पोलाद पातळ होईल म्हणून सोडलं असेल, गिऱ्हाईक दारात आलं असेल, असं मी मनाला सांगत होतो. पण मुठीच्या पाठीवर भिंग नेलं तेव्हा हात थांबला. तुमच्या उजव्या वेलीला एक फुटवा काढलेला आहे. तो पाठ ओलांडून डावीकडे येतो आणि माझ्या पहिल्या, सगळ्यात वाईट पानाच्या देठाला मिळतो. मी कोरलं तेव्हा तिथे कोरं पोलाद होतं. त्या फुटव्याला कुठेही जोड नाही. हे एवढं तुम्ही केलंत, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत.

"काका," तो माणूस वही उघडत म्हणाला, "उजवीकडं एका दमात मारलीया वेल. पर हिकडं डाव्या अंगाला हात थरथरलाय बगा. वय झालं असणार त्यांचं. पर दोनी बाजू त्यांच्याच न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

आबा, तुमचा हात कधी थरथरला नाही. शेवटच्या दुखण्यातही पेल्यातलं पाणी हललं नव्हतं. आता त्याच्या वहीत तुमच्या नावापुढे 'उतारवयातलं काम, हाताला कंप' असं लिहिलं गेलंय आणि ते मी समोर बसून लिहू दिलं. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. एक वाक्य बोललो तर तो खोडेल. दोन दिवस मोबाइल घेऊन बसलोय. सून विचारते, "मामंजी, कुणाला लावून देऊ?" कुणाला नाही, म्हणतो, आणि हे लिहीत बसतो. तुमच्या हाताची अब्रू राखायची तर डावी वेल माझी म्हणून वेगळी काढावी लागेल. आणि खरं सांगतो, आबा, मला ती वेगळी काढायची नाही.