पाहुण्यांच्या उश्या

३ सप्टेंबर १९२१
पोचले एकदाची विदरकोमला! मोटारीतून उतरले तर टपाल कचेरीपासून चर्चपर्यंत सगळं गाव एका नजरेत मावलं. शाळा एका खोलीची, मुलं एकोणीस. बिऱ्हाड टॉझरबाईंकडे. बाई साठीच्या, हातात कायम सुई-दोरा आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. चहाबरोबर सफरचंदाची पाई आली आणि माझे डोळे भरले. चौदा सालच्या हिवाळ्यात माझा रोलंड पलटणीबरोबर याच गावात उतरला होता. पत्रांतून या पाईचं काय कौतुक करायचा! म्हणून तर ही नोकरी मागून घेतली. पोरगा शेवटचा जिथं सुखात होता तिथं राहावं, एवढंच मनात होतं.

टॉझरबाईंनी माझं पूर्ण नाव विचारलं, बाप्तिस्म्याच्या वेळचं. म्हणाल्या, आमच्याकडे पाहुण्याचं नाव भरलेली उशी करतात, चर्चमध्ये गुडघ्यांखाली घ्यायला. पण नाव पाहुण्यानंच आपल्या तोंडानं सांगायचं. सांगितलं, ॲग्नेस मॉड हॅल्डेन. इतकी आपुलकी मला कुणी कित्येक वर्षांत दाखवली नव्हती.

११ सप्टेंबर
आज चर्चमध्ये त्याची उशी सापडली. निळ्या लोकरीत भरलेली अक्षरं: रोलंड जॉन हॅल्डेन, १९१४. त्याच ओळीत आणखी आठ, त्याच्या सोबत्यांच्या. मी तिच्यावर गुडघे टेकलेच नाहीत, पोटाशी धरून बसले.

गावात युद्धाचं स्मारक नाही. पाद्रीबुवांना विचारलं तर छाती फुगवून म्हणाले, लागतंच कशाला? आमचे नऊ लढाईवर गेले आणि नऊच्या नऊ परत आले. कापणीच्या सणाला वाचायला मी गावाचा इतिहास लिहावा, असंही म्हणाले. मी हो म्हटलं, पण घरी येईपर्यंत जीव जळत होता. यांचे नऊ आले. माझा एकुलता एक होता.

२० सप्टेंबर
टॉझरबाईंची लेक डॉर्कस क्षयानं अंथरुणाला खिळलेली. नाताळ काही बघत नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते. आज ती चक्क अंगणात आली आणि कोंबड्यांना दाणे टाकले. मला मात्र बारीक खोकला लागलाय. खडूची धूळ असणार.

२९ सप्टेंबर
इतिहासासाठी चर्चची जुनी दप्तरं चाळली. १८४९ साली पटकी आली तेव्हा शेजारची गावं ओस पडली. इथं सहाजण आजारी पडले आणि सहाही उठून बसले. त्याच आठवड्यात दफनं मात्र सहा, सगळी रेल्वेच्या कामावर आलेल्या परक्या मजुरांची. मागच्या कपाटात कसर लागलेल्या सहा उश्या मिळाल्या. नावं त्याच मजुरांची.

रोलंडच्या सोबत्यांची चौकशी करायला पलटणीला लिहिलं होतं. आज उत्तर आलं. रोलंड धरून नऊच्या नऊ मारले गेले.

२ ऑक्टोबर
टॉझरबाईंना उश्यांचं तोंडावर विचारलं. बाईनं नाकारलंसुद्धा नाही. म्हणाली, अहो, तुम्हीही आईच ना, मग तुम्हाला कळायला नको? माझा जॅबेझ लढाईवर निघाला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. मी म्हटलं, माझा वीस वर्षांचा होता. तर म्हणते, गुणाचा हो तुमचा, पाईचे तीन-तीन तुकडे खायचा, निघताना मला आई म्हणाला.

आणि हे बोलताना हातातली सुई थांबली नाही. माझं नाव भरत होती. शेवटचं अक्षर तेवढं राहिलंय.

६ ऑक्टोबर
रुमालावर रक्त. खाली डॉर्कस गाणं म्हणत भांडी घासते आहे. सकाळी कशीबशी मोटारीपर्यंत गेले— चालक गावातलाच. आजारी बाईला नेत नाही म्हणाला. वर टोपी काढून नमस्कार केला.

८ ऑक्टोबर
माझ्या नावाची उशी पळवली. सगळी अक्षरं उसवली, बोटं रक्ताळेपर्यंत. टॉझरबाई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, उसवा की, पण त्या जागी दुसरं नाव भरा, म्हणजे तुमचं टळेल. आमच्या डॉर्कसला काय, बाहेरचं कुणीही चालतं. आणि नुसती रिकामी ठेवलीत, तर मी आहेच पुन्हा भरायला.

९ ऑक्टोबर
नाही. माझ्या हातून नाही व्हायचं. मेले तरी—

१० ऑक्टोबर
माझ्या जागी शिकवायला नवी मुलगी आली. विशीची. आईची एकुलती. आईला रोज पत्र लिहिते म्हणे. टॉझरबाईची पाई दोनदा मागून घेतली. हिला सांगायला हवं— आत्ताच— सामान सोडू नकोस, तुझं नाव—

जिना उतरवत नाही. खोकला थांबत नाही. मरायची भीती वाटते मला— फार वाटते—

रोलंडला कुणी सांगितलं होतं?

११ ऑक्टोबर
सुईत दोरा पहिल्याच खेपेला ओवला गेला. निळीच लोकर घेतली. मुलगी माझ्यासाठी चहा घेऊन वर आली— खाटेवर बसली— मी विचारलं, पूर्ण नाव काय गं तुझं, बाप्तिस्म्याच्या वेळचं? कित्ती छान पद्धत आहे तुमच्या गावची, म्हणाली— तुमच्या गावची— आणि हसत हसत सांगितलं, फीबी ॲन—