पॅनकेकला माणूस हवा

बॅलरॅट,
१४ मे

प्रिय डेरिल,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. मे लागला तशी थंडी सुरू झाली, शेगडी पेटवलीय, अंगणातलं लिंबाचं झाड यंदा ओझ्याने वाकलंय. डार्विनला तू घाम पुसत बसला असशील. अक्षर गचाळ आलंय, पेन भिकार आहे, चालवून घे.

बातमी अशी की मी पॅनकेक पुन्हा उघडला. हो, आपलाच लढाऊ रोबो, लढतीत समोरच्या यंत्राला खालून उचलून पालथं पाडणारा. लगेच रागावू नकोस. ती गॅसची नळकांडी मी केव्हाच टाकून दिली. आता आत सरबताची प्लास्टिकची बाटली आहे आणि तिच्यात सायकलच्या पंपाने भरलेली हवा. चाकात असते तेवढीच. जोडणी सुटली तर फुस्स होईल, बस्स.

पहिल्यांदा त्याचं फावडं इतकं मरगळून वर आलं की मलाच हसू फुटलं. तू असतास तर म्हणाला असतास, "अगं बाई, हा लढायला निघालाय की जांभई देतोय?" दाब वाढवायचा मोह झाला. नाही वाढवला. नळ्या बदलल्या. बाटलीपासून थेट दट्ट्यापर्यंत सगळ्या जाड आणि आखूड, मधली झडपसुद्धा मोठ्या तोंडाची. दाब तेवढाच, पण हवा एकदम आत घुसते. दीड किलोचं डमी यंत्र आता गॅरेजभर कोलांट्या खातं.

गळती मात्र साबणाचं पाणी लावून, बुडबुडे बघून शोधावी लागली. फुसफुस डाव्या कानाला ऐकू येत नाही. आता लगेच तोंड पाडू नकोस. तेव्हा ती गॅसची जोडणी माझ्या कानाशी उडाली, तू फक्त यंत्राजवळ उभा होतास. चीर धातूच्या आत होती, ती कुणाला दिसणार? तेव्हापासून तू जो गेलास तो नाताळच्या कार्डापुरता उरलास. कानाची मला सवय झाली रे. तुझ्या नसण्याची नाही झाली.

परवा स्काउट हॉलमध्ये लढतीआधीची यंत्रांची तपासणी होती. अजून बर्नीच करतो, पोट सुटलंय त्याचं. नियम तुला पाठ आहे, जो लढवणार त्यानेच सगळ्यांदेखत हवा सोडून दाखवायची. ती चिमुकली चावी मला फिरवता येईना. बोटं घसरत होती, मागे रांग खोळंबलेली. मी म्हटलं, "कॉफी जास्त झाली आज." तेवढ्यात मनगट रिमोटवर आपटलं, फावडं उडालं आणि बर्नीचा चहा, सॉसेज, पाव, सगळं त्याच्या शर्टावर. हॉल खो खो हसला. बर्नी नाही हसला. शर्ट पुसत हळूच म्हणाला, "लेनोर, ही कॉफी नव्हे. हात कधीपासून थरथरतोय?"

पेन चांगलं आहे, डेरिल. मला पार्किन्सन झालाय. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं. गोळ्या घेतल्या की सकाळ बरी जाते, जोडकाम सावकाश का होईना होतं. पण लढवणं आता जमायचं नाही. भीती वाटते, रे. गॅरेजमध्ये एकटी असले की फार वाटते. तुला कळवलं नाही, कारण कीव येऊन आलेला भाऊ मला नको होता. तू पॅनकेकसाठी यावंस, म्हणून तर हा हवेचा सगळा खटाटोप केला. आता कशासाठीही आलास तरी चालेल.

बर्नीने शेवटी यंत्र पास केलं. म्हणाला, "चालवणारा नापास. जूनच्या लढतीला दुसरा माणूस आण."

"आहे ना. माझा भाऊ."

"डेरिल? तो पुन्हा यंत्राजवळ येईल?"

"येतोय," म्हणून मी मोकळी झाले. अख्ख्या हॉलसमोर सांगून बसलेय. खरं सांगितलं की खोटं, ते तू ठरव.

तुझीच,
लेनोर