पट्ट्याची दोन भोकं

प्रिय ग्रेटा,

रविवारी फोनवर हेडीने आजोबांजवळ कुत्र्याचा विषय काढला आणि तू फोन तिच्या हातातून काढून घेतलास. "आमच्या घरात कुत्रा येणार नाही," एवढंच म्हणालीस. मी लगेच हवापाण्याचं बोलायला लागलो. नंतर तीन दिवस मक्याची कापणी चालली होती. आज पाऊस आहे, म्हणून लिहायला बसलो.

आपल्या कुत्र्याला, टर्निपला, कुंपण कशासाठी लागलं, ते तुला आठवत असेल. त्याने लिंडक्विस्टबाईंच्या मेंढ्या दोनदा उधळल्या होत्या. बाई दारात येऊन म्हणाल्या, "आर्व्हिड, तिसऱ्या वेळी मी तुझ्याकडे यायची नाही. बंदूक घेऊन थेट त्याच्याकडेच जाईन." एवढ्या जमिनीला जाळी कुठून घालणार, म्हणून ते बिनतारी कुंपणाचं यंत्र आणलं: घरातली पेटी भोवती लहरींचं वर्तुळ टाकायची, आणि कुत्रा त्याच्या कडेला गेला की गळ्यातला पट्टा आधी 'पिप्' वाजायचा, मग झटका द्यायचा. आधी मी पेटी कपडे धुण्याच्या मशीनशेजारी ठेवली. लोखंडामुळे लहरी अडायच्या, आणि वर्तुळाला विहिरीच्या बाजूने पोचा यायचा. मग पेटी वरच्या खोलीत नेली. तू पट्टा हातात धरून आवारभर फिरलीस. तो 'पिप्' करायचा तिथे तू ओरडायचीस, "इथे, बाबा!" आणि मी पांढरं निशाण रोवायचो. दोन आठवडे तू त्याला दोरीने धरून फिरवलंस. 'पिप्' वाजलं की मागे ओढायचं, मागे आला की चीजचा तुकडा. झटका तू आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहिलास आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस. पण तो शिकला. निशाणं काढल्यावरही रेषेपाशी येऊन थांबायचा आणि तिथूनच मेंढ्यांवर भुंकायचा.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पट्ट्याच्या आतल्या, झटका देणाऱ्या दोन धातूच्या टोकांनी त्याची मान सोलली. रोज संध्याकाळी पट्टा काढून ठेवायचा असतो. ते काम माझं होतं आणि माझ्याकडून राहून जायचं. तू मला न विचारता पट्टा दोन भोकं सैल केलास. त्याच गुरुवारी, तू शाळेत असताना, टर्निप रेषा ओलांडून रस्त्यावर गेला आणि दुधाच्या टँकरखाली आला. एका हरणामागे सुसाट आला, असं ड्रायव्हर म्हणाला. टोपी हातात घेऊन तो बराच वेळ उभा होता. मीच त्याला जा म्हटलं.

तू आल्यावर एकच विचारलंस, "पट्टा चालू होता का?" मी तो तुझ्या हातात दिला. तू रेषेपर्यंत चालत गेलीस. 'पिप्' वाजलं. तू परत आलीस आणि म्हणालीस, "म्हणजे माझ्यामुळेच. टोकं मानेला लागलीच नाहीत." मी म्हणालो, "असू दे. तू चांगल्या मनाने केलंस." चौदा वर्षांची होतीस. मला वाटलं, विसरशील.

रविवारी तुझा आवाज ऐकला आणि कळलं, विसरली नाहीस. म्हणून हे लिहितो आहे. त्या पट्ट्यावरचा लाल दिवा सोमवारपासून लुकलुकत होता. त्याचा सेल संपत आला होता. तसला सेल शहरातल्या एकाच दुकानात मिळायचा, बावीस मैलांवर. शनिवारी जायचंच आहे, तेव्हा आणू, असं मी ठरवलं. गुरुवारी सकाळी तो दिवाही विझलेला होता. मी तो पाहिला आणि गाईंच्या गोठ्याकडे गेलो. नंतर टर्निपला ताडपत्रीखाली झाकून मी ते बावीस मैल गेलो, सेल आणला आणि तुझी शाळेची बस यायच्या आत पट्ट्यात घातला. तू रेषेवर ऐकलंस तो आवाज अर्ध्या तासापूर्वी बसवलेल्या सेलचा होता. पट्टा सैल होता की घट्ट, याने काहीही फरक पडला नसता. हेडीला कुत्रा आणायचा की नाही, ते तुझं तू बघ. पण नाही म्हणशील तर ते स्वतःला दोषी धरून म्हणू नकोस.

अजून स्वतःला तसं म्हणू देणार असशील तर, तुझाच

बाबा